सोळा-सतरा वर्षांच्या आईला बाळ सांभाळायला शिकवायचंय? मग आधी स्वतःचे हात मागे बांधा

वस्तीत काम करणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदवीच्या) फील्डवर्कला आलेल्या पोरी, एखाद्या संस्थेत नव्यानं लागलेल्या ताया, यांच्यासाठी हे लिहून राहिले. घरातच अशी लेक, सून किंवा भाची असेल तरी उपयोगाला येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली (२०१९-२१), तिच्यात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली एकतर आई झालेल्या होत्या नाहीतर गरोदर होत्या. म्हणजे "आमच्याकडे असं काही नसते" म्हणणाऱ्यांनी जरा आमच्या नागपुरातल्या पारडीत, यशोधरानगरात, हिंगणा रोडच्या मागच्या वस्त्यांमध्ये दुपारी एक चक्कर मारून यावी.

सगळ्यात आधी जे सांगायचंय ते हे, की या पोरींना माहिती कमी पडत नाही, संधी कमी पडते. बाळ रडलं की सासू उचलते, आंघोळ आजी घालते, डॉक्टरकडे नणंद नेते, आणि वर सगळे मिळून म्हणतात "हिला काही येतच नाही बाप्पा". अरे येईल कसं, तिच्या हातात बाळ राहू देता कुठं तुम्ही? आणि आपण शिकवणारे पण तेच करतो, "आण इकडं, मी दाखवते" म्हणून बाळ आपल्याच मांडीवर घेतो. तर नियम एकच: बाळ तिच्याच हातात. आपण बाजूला बसायचं, तोंडानं सांगायचं, फार तर टॉवेलच्या बाहुलीवर करून दाखवायचं.

सुरू करायच्या आधी

ग्रुप लहान ठेवा, सहा-सात जणी पुरे. तीस-पस्तीसच्या बाया त्याच ग्रुपात नको, त्या आल्या की पोरी गप्प होतात आणि उत्तरं मोठ्याच देतात. जागा म्हणजे अंगणवाडी सुटल्यावरची खोली, बुद्धविहार, समाजभवन, काहीही चालेल, फक्त खुर्च्या-टेबल नको, चटई हवी, कारण बाळं सोबत येणार, रांगणार, मुतणार. बाळ घरी ठेवून या असं कधीच सांगू नका, मग शिकवणार कोणावर? वेळ ठरवताना नळाची वेळ विचारून घ्या, नळ आला की कोणी बसणार नाही. आणि एप्रिल-मेत नागपूरच्या दुपारी तान्ह्या बाळाला घेऊन कोणाला बाहेर बोलावू नका, सकाळी आठला घ्या नाहीतर सरळ तिच्या घरी जा.

खायला काहीतरी ठेवाच. गूळ-फुटाणे, मुर्रा, उकडलेलं अंडं, जे जमेल ते. दूध पाजणारी पोरगी आहे, स्वतःचं हाडही अजून वाढून राहिलं असते, रक्त कमी असते, आणि घरात सगळ्यात शेवटी जेवणारी तीच असते. पहिल्या दिवशी रजिस्टर, आधारकार्ड, सही, फोटो काही नको. फोटो तर तिला आणि तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कधीच नको.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर लग्न झालेलं असो-नसो, पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२) लागू होतो, नवरा असला तरी सुटका नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये स्पष्ट केलंय, आणि कळल्यावर पोलिसांना सांगणं ही कायद्यानं आपल्यावर जबाबदारी आहे. म्हणून "तू सांग, मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन पहिल्या दिवशी देऊन बसू नका. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानं मला सांगावंच लागत असेल तर आधी तुझ्याशी बोलेन, मग पुढं जाईन" असं सरळ म्हणा. संस्थेच्या वरिष्ठांशी, बाल कल्याण समितीशी कसं बोलायचं ते माहीत करून घ्या, १०९८ हा मुलांचा आणि १८१ हा बायांचा नंबर तुमच्या आणि तिच्या दोघींच्याही मोबाईलमध्ये पाहिजे. पोलिसांच्या भीतीनं घरचे दवाखान्यात नेणंच टाळतात, हे सगळ्यात धोक्याचं. मेडिकल, मेयो, डागा, नागपुरातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तुम्ही सोबत जा.

पहिली भेट तिच्यासाठी

पहिल्या बैठकीत बाळाचा विषय काढू नका. सगळे तिला बाळाबद्दलच विचारतात, ती कशी आहे कोणी विचारत नाही. झोप होते का, टाके दुखतात का, जेवली का, शाळेत कोणता विषय आवडायचा, मैत्रिणी अजून बोलतात का. काही पोरी पहिल्यांदा नुसत्या मोबाईल बघत बसतात, बसू द्या. अजून एक, तिच्यासमोर "कुमारी माता" वगैरे सरकारी शब्द वापरू नका, तिला नावानं हाक मारा.

बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होते आणि आपोआप जाते. पण दोन आठवड्यांच्या पुढंही ती तशीच असेल, जेवत नसेल, बाळाकडे बघतच नसेल, "मी नसते तर बरं" असं बोलून राहिली असेल तर तो आळस नाही की नखरे नाहीत, ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकते. सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येते का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते.

दूध पाजणं

बहुतेक पोरींची पहिली तक्रार ठरलेली, "ताई, मले दूधच नाही येत." लगेच भाषण सुरू करू नका. म्हणा, पाज बरं, मी बघते. बघितल्यावर बहुतेक वेळा कळते की बाळ नुसतं टोक चोखून राहिलं आणि पोरगी वाकून वाकून पाठ मोडून घेऊन राहिली. मग सांगायचं: आधी तू पाठ टेकून बस, बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे, बाळाला स्तनाकडे आण, स्तन बाळाकडे नको नेऊ. तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसला म्हणजे बरोबर लागलं. दुखत असेल तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात घालून सोडव आणि परत लाव. तिनं स्वतः दोन-तीनदा केल्याशिवाय विषय सोडायचा नाही.

दूध पुरते की नाही हे कसं ओळखायचं? पहिला आठवडा उलटला की दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि बाळाच्या लसीच्या कार्डावर वजन वाढताना दिसणं. बस. रडणं हा दूध कमी असल्याचा पुरावा नाही, हे तिच्यापेक्षा सासूला सांगावं लागते.

सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. इथं नागपुरात हमखास वाद होतो, "४५ डिग्रीत लेकराला पाणी नाही पाजायचं म्हणता काहून?" त्यांचं चुकत नाही, उन्हाळाच तसा आहे. पण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते, उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं आणि पाणी आईनं प्यायचं. असं समजावून सांगितलं तर ऐकतात, नुसतं "नाही म्हणजे नाही" म्हटलं की तुमच्या पाठीमागं चमचा सुरूच राहतो.

बाळ अडीच किलोच्या आत जन्मलं असेल, आणि एवढ्या लहान आयांची तशी बाळं पुष्कळ असतात, तर कांगारू पद्धत शिकवा. बाळ फक्त लंगोट-टोपीवर, आईच्या उघड्या छातीशी, वरून ओढणी बांधलेली. नवऱ्यालाही हे करता येते. आधी लाजतात, मग सोडत नाहीत.

रडणं, आणि तिचा राग

यावर एक अख्खी बैठक द्या, वाटल्यास दोन. लहान बाळ काहीही कारण नसताना रडते, साधारण दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त रडते आणि तीन-चार महिन्यांनी कमी होते, एवढं जरी पोरीला कळलं तरी तिचा अर्धा जीव खाली पडतो. कारण तिला वाटून राहिलं असते की माझंच काही चुकते, बाळाला मी आवडतच नाही.

टॉवेल गुंडाळून बाहुली करा, मोबाईलवर बाळ रडायचा आवाज लावा, चांगला मोठ्यानं. आता एकेकीला काय करणार ते करून दाखवायला सांगा. लंगोट बघणं, दूध देऊन बघणं, गरम तर होत नाही ना ते बघणं, छातीशी धरून फिरणं, गुणगुणणं. हे सगळं करून झालं तरी आवाज बंद करू नका. मग विचारा, "आता काय वाटून राहिलं?" कोणीतरी म्हणतेच, "फेकून द्यावंसं वाटते ताई." इथं तुम्ही डोळे मोठे केले की खेळ संपला, पुन्हा कोणी खरं बोलणार नाही. म्हणा, असं पुष्कळ आयांना वाटते, वाटणं वेगळं आणि करणं वेगळं, आता करायचं काय ते शिकू.

बाळाला उताणं, सपाट जागी, खाली अंथरुणावर ठेवायचं. दाराबाहेर यायचं. पाणी प्यायचं, तोंड धुवायचं, पाच-दहा मिनिटं बाहेरच थांबायचं, आवाज येऊ द्यायचा. कोणाला तरी फोन करायचा, आणि तो कोण हे आत्ताच, इथं बसूनच ठरवायचं, दोन नावं, दोन नंबर. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही: डोकं जड असते, मान कच्ची असते, आत मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते किंवा जन्मभराचं अपंग होऊ शकते. हे बाहुलीसोबत प्रत्येकीकडून करवून घ्या, ठेवणं, उठणं, दाराबाहेर जाणं, सगळं. हसतील, हसू द्या. साडीच्या झोल्यात बाळ ठेवून लहान दिराला जोरजोरात हलवायला बसवतात तेही याच दिवशी बोलून घ्या.

खेळणं आणि बोलणं

माझ्या मते इथं मोबाईलसारखं दुसरं साधन नाही, आणि या पोरी त्यात आपल्यापेक्षा हुशार. तिला म्हणा, बाळाशी एक मिनिट खेळ, तुझ्याच मोबाईलवर व्हिडिओ काढते. मग दोघींनी बसून तो बघायचा आणि फक्त चांगलं दाखवायचं. "हे बघ, त्यानं तुझ्याकडे बघितलं, तू थांबली, मग तो 'आगू' म्हणाला, मग तू पण म्हणाली. हे तुला कोणी शिकवलं?" तोंडावर जे हसू येते ना, ते शंभर पोस्टरनं येत नाही. चुका दाखवायच्या नाहीत, त्या तिला स्वतःलाच दिसतात, "इथं मी मोबाईलच बघून राहिली होती" असं तीच म्हणते.

बाळानं काही केलं की आपण उत्तर द्यायचं आणि मग त्याच्या पाळीची वाट बघायची, एवढंच तंत्र. भाषा घरात जी असेल ती, मराठी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी, मुद्दाम इंग्रजी पोएम लावायची गरज नाही. खेळणी विकत नको: वाटी-चमचा, बाटलीत राजमा घालून झाकण घट्ट चिकटवलेला खुळखुळा, वर्षा-दीड वर्षाच्या पुढं तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, तो तर नागपुरात घरोघरी माळ्यावर पडलेलाच असतो. बैलाला दोरी बांधून ओढणं म्हणजे चालणं, बोलणं, हसणं तिन्ही आलं. आणि रील लावून बाळाला गप्प बसवणं दोन वर्षांच्या आत नकोच.

सहा महिन्यांनंतरचं खाणं

हे प्रत्यक्ष शिजवून दाखवा, गॅस आणि कुकर असला की झालं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेला भात, ज्वारीच्या पिठाची लापशी, अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटाचं करता येईल ते, वरून चमचाभर तेल किंवा तूप. खाण्याची परीक्षा अशी की चमचा तिरका केला तर पडायला नको. पातळ वरणाचं पाणी पोट भरवते, ताकद देत नाही. सुरुवात दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांनी, मग हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. अंडं, मासे, चिकन घरात चालत असेल तर बाळालाही चालते, मऊ करून आणि काटे-हाडं काढून. वर्षाच्या आत मध नको. चहा-बिस्किटाबद्दल भांडत बसू नका, बिस्किटाच्या पुड्याच्या पैशात केळं येते का अंडं येते याचा हिशोब तिलाच करायला लावा.

आजारपण आणि घरातले धोके

लसीचं कार्ड तिला स्वतःला वाचता आलं पाहिजे: जन्माच्या वेळी, मग दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिने आणि १६ ते २४ महिने. पुढची तारीख तिनंच मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवायची.

श्वास मोजणं मात्र नीट शिकवा. बाळ शांत झोपलं असताना झबलं वर करायचं, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि पोट वरखाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, त्यापुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त आले तर त्याच दिवशी दवाखाना. आणि बाळ दूधच ओढत नाही, झटके येतात, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, अंग थंड पडलं किंवा तापलं (दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी), उठवून उठत नाही, यातलं एक जरी असेल तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता अॅम्ब्युलन्सला फोन, १०८ किंवा १०२. हा फोन तिनं खोटा खोटा करून बघायचा, पत्ता सांगायची प्रॅक्टिस करायची. वस्तीतला पत्ता सांगणं सोपं नसते, "विहाराच्या मागं, पिठाच्या गिरणीपासून तिसरी गल्ली" हे घाबरल्यावर सुचत नाही. जुलाबाला ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

घरातले धोके तिच्याच घरात फिरून शोधायला लावा, यादी वाचून दाखवू नका. इथला मोठा धोका कूलर. पत्र्याच्या कूलरला करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं जातात, तेव्हा पाणी भरताना प्लग काढायचा आणि रांगतं बाळ कूलरजवळ नको. पाण्याची बादली आणि टाकी झाकलेली, अर्ध्या बादलीतही बाळ बुडते. शेंगदाणे, फुटाणे, नाणी, बटणसेल बाळाच्या हाताला न लागतील असे उंचावर ठेवायचे. ते गूळ-फुटाणे आपणच आणले असतील तर चटईवरचे दाणे आपणच वेचायचे!

सासू, आई आणि नवरा

यांना सोडून केलेलं सगळं संध्याकाळपर्यंत पुसलं जाते. सासवांची वेगळी बैठक घ्या आणि तिथं शिकवायला जाऊ नका, विचारायला जा. मालिश चांगलीच आहे, करा म्हणावं, फक्त नाका-कानात तेल नको. काजळ डोळ्यात नको, तळपायाला टीट लावा, नजर तिथूनही टळते. घुटी बंद करायला लावणं कठीण जाते, तेव्हा "सहा महिने थांबा ना आजी" अशी मुदत मागायची. चार गोष्टी मान्य केल्या की पाचवी त्या सोडतात. आणि मग मुख्य मागणी: दिवसातून एक काम, आंघोळ म्हणा का भरवणं म्हणा, पूर्ण तिच्याकडे, तुम्ही बाजूला बसून बघा, हात लावू नका. मुलगी बिनलग्नाची असून माहेरीच असेल तर हे जास्तच लागते, कारण तिथं बाळ सरळ आजीचंच होऊन जाते.

नवरा बहुतेक वेळा वीस-बावीसचा, कामावरून आठ वाजता येतो. त्याला भाषण नको, बाळ द्या हातात. लंगोट बदलायला लावा.

पुढचं बाळ आणि राहिलेली दहावी

दुसऱ्या गर्भारपणाआधी किमान दोन वर्षांचं अंतर हवं, हे तिला एकटीला, सासू नसताना सांगायचं. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसते, हे बऱ्याच जणींना माहीतच नसते. दिवस राहू नयेत म्हणून तांबी, अंतरा इंजेक्शन (दर तीन महिन्यांनी), छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा), सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कोणतं तिला चालेल ते डॉक्टर ठरवतील, आपण दारापर्यंत पोहोचवायचं.

शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते, मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे. फॉर्मच्या तारखा शाळेत जाऊन विचारून या, तिला "चौकशी कर" म्हणून सोडलं तर ती जाणार नाही. परीक्षेच्या तीन तासांत बाळाला कोण बघणार आणि दूध कधी पाजणार, हे फॉर्म भरतानाच सासूसोबत बसून ठरवा.

जमलं की नाही ते कसं बघायचं

प्रश्नपत्रिका नको. दहा-बारा बैठका झाल्यावर तिच्या घरी जा आणि नुसतं बसा. बाळ रडल्यावर पहिलं कोण उठते? कार्ड कुठं ठेवलंय तिला माहीत आहे का? ती बाळाशी बोलते का, का फक्त बाळाबद्दल? आणि जी पोरगी तीन आठवडे आलीच नाही, तिच्याकडे आधी जा. का नाही आली विचारू नका, चहा ठेवत असेल तर घ्या, बाळाचं वजन करून कार्डावर लिहा आणि पुढची बैठक कधी आहे ते सांगून या.